गुऱ्हाळावरचा गुप्तहेर: वेषांतराचा विनोदी लघुपट कोल्हापुरात कसा करावा

वेष पालटून आलेला गुप्तहेर हा विषय नवे दिग्दर्शक वारंवार निवडतात आणि त्यातले बरेच लघुपट पहिल्या पाच मिनिटांनंतर थंड पडतात. सगळी मेहनत खोट्या मिशीवर खर्च झालेली असते आणि मिशी दिसून झाली की पुढे हसण्यासारखे काही उरत नाही, हे त्याचे मुख्य कारण आहे. वेषांतराची खरी परीक्षा कामात होते. गुप्तहेर ज्या धंद्यातला माणूस म्हणून आला आहे, ते काम त्याला चारचौघांसमोर करून दाखवावे लागले, की प्रसंग आपोआप तयार होऊ लागतात. हा लेख त्याच पायावर, साधारण 20 मिनिटांचा विनोदी लघुपट कोल्हापुरात लिहिण्यापासून दाखवण्यापर्यंत कसा न्यावा, याविषयी आहे. मोठा चित्रपट करणाऱ्यांनाही यातला लेखनाचा भाग उपयोगी पडावा.

आधी मोहीम ठरवा, आणि ती खरी असू द्या

विनोदी चित्रपट आहे म्हणून गुप्तहेराचे कामही थट्टेचे ठेवले, तर प्रेक्षकाला कशाचीच काळजी वाटत नाही. नायक पकडला गेला तर काहीतरी खरोखर बिघडेल, अशी परिस्थिती हवी. परदेशी टोळ्या, अणुबॉम्ब, चोरीला गेलेला नकाशा यांची काही गरज नाही. कोल्हापूरच्या मातीतली मोहीम जास्त विश्वासार्ह वाटते आणि खर्चही वाचवते.

या लेखात उदाहरणासाठी मी गूळ घेतो. भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी गुळात साखर मिसळण्याचे आणि रंग उजळावा म्हणून त्यात हायड्रोस पावडर प्रमाणाबाहेर टाकण्याचे प्रकार सगळ्यांना माहीत आहेत. अशा एका काल्पनिक गुऱ्हाळावर अन्न व औषध प्रशासनाचा एक तपास अधिकारी वेष पालटून येतो. त्याला साखरेची पोती कुठे उतरतात, कोण आणतो आणि माल कोणाकडे जातो, हे शोधायचे आहे. ही मोहीम एका वाक्यात सांगता येते, तिच्यात कोणाचे तरी खरे नुकसान आहे, आणि ती पूर्ण करण्यासाठी नायकाला तिथे काही दिवस राहावेच लागते. या तीन अटी आपल्या कथेला लागू पडतात का, ते पटकथेला हात घालण्याआधी तपासावे.

ज्याला हे काम येत नाही, त्याच्याच हाती ते द्या

आता वेष कोणता द्यावा? पुष्कळ लेखक इथे भिकारी, फुगेवाला किंवा साधू निवडतात. ही निवड सोपी आणि म्हणूनच कमकुवत आहे, कारण या माणसांना कोणी काही करून दाखवायला सांगत नाही. उलट गुऱ्हाळावर सर्वांत कठीण जागा गुळव्याची, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या मुख्य कारागिराची असते. चुलवाणावर, म्हणजे मोठ्या भट्टीवर, काहील ही रुंद कढई चढते, उसाचा रस उकळू लागतो, रानभेंडीच्या चिकाने मळी वर येते, ती काढली जाते, आणि एक आदण, म्हणजे एका वेळी काहिलीत शिजणारा रस, पुरे व्हायला दोन-तीन तास लागतात. या सगळ्या वेळात आसपासची माणसे गुळव्याच्या तोंडाकडे पाहत असतात. 105 अंशांच्या पुढे काकवी होते आणि 118 अंशांच्या सुमारास गूळ. पण गुळव्या तापमापक लावत नाही. तो फेसाचा आकार आणि रंग पाहतो, थोडा पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी होते का ते बोटांनी बघतो, आणि मग म्हणतो, "उतरवा." थोडे लवकर उतरवले तर गूळ बसत नाही, थोडा उशीर झाला तर आदण करपते. त्या एका शब्दावर मालकाचे पैसे आणि पाच-सहा माणसांची मेहनत अवलंबून असते.

मुंबईहून आलेल्या, आयुष्यात चहापुरताच गूळ पाहिलेल्या अधिकाऱ्याला आपण हेच काम द्यायचे. जुना गुळव्या अचानक गावी गेला आहे, हंगाम भरात आहे आणि मालक नव्या गुळव्याची वाट पाहत आहे. पहिल्याच दिवशी काहिलीभोवती सगळे थांबले आहेत आणि नायकाला "उतरवा" म्हणायचे आहे, पण केव्हा म्हणायचे ते त्याला माहीत नाही. या प्रसंगात संवादाचा एकही विनोद नाही आणि तरी तो चार मिनिटे सहज टिकतो.

धंदा निवडताना तो स्वतः जाऊन पाहावा, हे मी फार आग्रहाने सांगेन. गुऱ्हाळांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो. त्या काळात एखाद्या गुऱ्हाळावर परवानगी घेऊन दिवसभर बसावे, कॅमेरा न काढता. माणसे कोणत्या क्रमाने हलतात, कोण कोणाला काय म्हणतो, चिपाडे चुलवाणात ढकलणारा केव्हा थांबतो, पाक निवण्यासाठी वाफ्यात ओतताना कोण कुठे उभा असतो, 30 किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, कसा बांधला जातो, हे वहीत लिहावे. घरी बसून सुचलेल्या गमतीपेक्षा या नोंदींतून निघालेल्या गमती ताज्या असतात. गूळ नको असेल तर चपलांचा कारागीर, तालमीतला वस्ताद, गुजरीतला सोनार किंवा गंगावेशीत समोर म्हैस पिळून दूध देणारा गवळी, यांपैकी कोणताही धंदा चालेल. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हातांनी काहीतरी सिद्ध करावे लागेल, एवढेच त्यात हवे.

कोणाला काय ठाऊक आहे, याचा तक्ता

पूर्वी बहुरूपी दारात पोलीस बनून यायचा, वॉरंट असल्याचे सांगायचा आणि घरातल्या कर्त्या माणसाला दरडावून चौकीवर चलायला सांगायचा. घरातल्या मोठ्यांना तो कोण हे माहीत असे, दारामागचे पोर मात्र घाबरून रडकुंडीला येई, आणि सगळी मजा या दोन जाणिवांमधल्या अंतरात होती. वेषांतराच्या चित्रपटाचे तंत्र नेमके हेच आहे. प्रेक्षकाला नायक कोण हे सुरुवातीलाच सांगून टाकावे. रहस्य राखून शेवटी उलगडले तर प्रेक्षक एकदा चकित होतो. आधी सांगितले तर प्रत्येक प्रसंगात त्याचा जीव टांगणीला लागतो आणि त्याच ताणातून हसू फुटते.

यासाठी पटकथेच्या आधी एका मोठ्या कागदावर तक्ता करावा. डावीकडे पात्रे, वर प्रसंगांचे क्रमांक, आणि प्रत्येक चौकटीत त्या क्षणी त्या पात्राला नायकाबद्दल काय वाटते ते. गुऱ्हाळमालक तात्यांना तो खरा गुळव्या वाटतो. तात्यांच्या पुतण्याला, जो साखरेचा व्यवहार सांभाळतो, तो बाजारातल्या दुसऱ्या व्यापाऱ्याने पाठवलेला माणूस वाटतो. मजुरांना तो हात राखून शिकवणारा मोठा जाणकार वाटतो, कारण तो काहीच बोलत नाही. आणि मजुरांना जेवण करून घालणाऱ्या आक्कांनी त्याला पहिल्याच दिवशी ओळखले आहे.

या चौघांत आक्का सर्वांत मोलाच्या. सगळे कळूनही गप्प राहणारे एक पात्र अशा कथेत अवश्य ठेवावे, मात्र त्याच्या गप्प राहण्याला कारण हवे. आक्कांच्या नवऱ्याने त्याच काहिलीवर आयुष्यभर चोख गूळ केला होता आणि साखरेचा हा धंदा त्यांना सहन होत नाही. म्हणून नायक चुकीच्या वेळी "उतरवा" म्हणायला तोंड उघडतो तेव्हा त्या दुरून भाकरी थापता थापता खाकरतात. पुढे नायक त्यांच्या खाकरण्यावरच विसंबून राहतो, आणि एके दिवशी त्यांना खरोखरच खोकला होतो. प्रसंगाची वाढ अशी करावी: एक युक्ती तीनदा येऊ द्यावी, पहिल्यांदा ती यशस्वी व्हावी, दुसऱ्यांदा नायकाची सवय बनावी आणि तिसऱ्यांदा त्याला अडचणीत आणावी.

खलनायकापेक्षा चौकशी कठीण

कोल्हापूर भागात नव्या माणसाची उलटतपासणी कोणी मुद्दाम करत नाही, ती आपोआप होते. नायकाला धमकावणाऱ्या गुंडापेक्षा चहाचा कप पुढे करणारा म्हातारा त्याला जास्त घाम फोडू शकतो.

"पाव्हणं, गाव कुठलं म्हणायचं?"

"राधानगरीकडलं."

"राधानगरीत कुठं? आमची धाकटी ल्येक तिकडंच दिलीया."

"जरा... आतल्या बाजूला."

"आतल्या बाजूला म्हंजे धरणात का?"

असा संवाद लिहिताना प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात संशय ठेवू नये. तो आपुलकीने विचारतो आहे आणि नायक मात्र मनातल्या मनात अटक होण्याची तयारी करतो आहे, हे राहिले पाहिजे. गावानंतर आडनाव, आडनावानंतर भावकी, भावकीनंतर सोयरीक, हा क्रम पाळावा. चौथ्या प्रश्नापर्यंत नायकाला एक खोटी बायको, तिचे माहेर आणि एक आजारी सासरा निर्माण करावा लागतो आणि पुढच्या प्रसंगांत या सगळ्यांचा हिशेब सांभाळावा लागतो. तात्या त्या सासऱ्याला भेटायला निघतात, हा मध्यंतराच्या जागचा धक्का तिथूनच मिळतो.

बोलीकडे विशेष लक्ष द्यावे. नायकाची भाषा सुरुवातीला पाठ केल्यासारखी असावी. प्रत्येक वाक्यात "भावा" आणि "नाद खुळा" पेरणारा माणूस कोल्हापुरी वाटत नाही, तो कोल्हापुरी वाटण्याचा प्रयत्न करणारा वाटतो, आणि इथे तेच हवे आहे. गुऱ्हाळावरच्या खऱ्या माणसांच्या तोंडी मात्र हे शब्द जपूनच घालावेत. नायिका वेषांतर करणारी असेल तर आणखी एक सुंदर जागा मिळते: या भागातल्या अनेक बायका आणि मुली सहज "मी येतो", "मी जेवलो" असे म्हणतात, आणि पुण्याहून आलेली अधिकारी स्थानिक बाई बनून "मी येते" म्हणाली की अंगणातल्या चार जणी एकदम मान वर करतात.

पुरुषाला साडी नेसवून हसू मिळवण्याचा मार्ग मी सुचवणार नाही. तमाशातल्या गवळणीत मावशीच्या भूमिकेने ती गंमत पिढ्यान्‌पिढ्या केली आहे आणि तिथे मावशीला तिखट जीभ, हजरजबाबीपणा आणि गौळणींच्या बाजूने उभे राहण्याची धमक असते. नुसत्या चालीवर आणि आवाजावर हसवणे त्यापुढे फार फिके पडते, शिवाय त्यात बायकांची आणि तृतीयपंथीयांची टिंगल सहज होऊन जाते.

मिशी, कपडे आणि करकरणारी चप्पल

खोटी मिशी दोन प्रकारे करतात. जाळीवर केस विणलेली तयार मिशी महाग पडते, पण ती पुन्हा वापरता येते आणि जवळच्या शॉटमध्ये खरी दिसते. क्रेपचे केस, म्हणजे वेणीसारखे गुंफून विकले जाणारे सुटे केस, स्वस्त असतात. ते ओले करून, ताणून सरळ करावेत, वाळल्यावर कापावेत आणि थोडे थोडे करून चिकटवावेत. दाढी असेल तर हनुवटीच्या खालून सुरुवात करून वर यावे, म्हणजे वरच्या केसांखाली खालची मुळे झाकली जातात. दोन्हींसाठी स्पिरिट गम, म्हणजे त्वचेवर केस चिकटवायचा रंगभूषेचा डिंक लागतो. कलाकाराची त्वचा स्वच्छ, कोरडी आणि दाढी केलेली असावी. गम लावल्यावर तो बोटाला चिकट लागेपर्यंत थांबावे, मग मिशी टेकवून ओलसर सुती कापडाने दाबावी. चित्रीकरणाच्या किमान एक दिवस आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडा गम लावून खाज किंवा लाली येते का, ते पाहावे. काढताना मिशी कधीही ओढू नये; रिमूव्हर कडेने मुरवत सावकाश सोडवावी.

स्पिरिट गमला घाम आणि वाफ सोसत नाही, आणि आपला नायक उकळत्या काहिलीशेजारी उभा आहे. तंत्राची ही अडचण कथेच्या फार कामाची आहे. मिशी सुटण्याचे टप्पे पटकथेतच ठरवून ठेवावेत: सकाळी नीट, पहिल्या आदणाला उजवे टोक किंचित वर, दुसऱ्याला अर्धी सुटलेली, तिसऱ्याला टॉवेलने तोंड पुसण्याच्या निमित्ताने हाताने धरलेली. प्रत्येक टप्प्यासाठी वेगळी मिशी तयार ठेवावी. एकच मिशी सोडवत आणि चिकटवत बसल्यास तिच्या कडा फाटतात आणि सलगता राखता येत नाही. प्रत्येक शॉटआधी चेहऱ्याचा समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढावा.

कपडे नवे नसावेत. गुऱ्हाळावरच्या माणसांकडूनच वापरलेली बंडी, पायजमा आणि डोक्याला गुंडाळायचा टॉवेल मागून घ्यावा आणि त्या बदल्यात नवे कपडे द्यावेत. एकच वस्तू नवी असू द्यावी, ती म्हणजे पायातली चप्पल. वेष अस्सल व्हावा म्हणून नायकाने चप्पल लाईनीतून करकर वाजणारी कोल्हापुरी चप्पल घेतली आहे आणि रात्री साखरेच्या पोत्यांकडे दबक्या पावलांनी जाताना प्रत्येक पाऊल आख्ख्या शिवारात ऐकू जाते. हा आवाज चित्रीकरणाच्या जागी नीट मिळत नाही. तो शांत खोलीत वेगळा ध्वनिमुद्रित करून ठेवावा.

परवानग्या

खासगी गुऱ्हाळासाठी मालकाची लेखी संमती पुरते. मालक कितीही ओळखीचा असला तरी कागद करावा, आणि कथा भेसळीची असल्यामुळे चित्रपटातले गुऱ्हाळ काल्पनिक असल्याचे त्यात स्पष्ट लिहावे. ज्याने आपली जागा दिली त्याच्या मालावर संशय येऊ देणे अन्यायाचे ठरेल. पडद्यावर त्याची पाटी, गाडीचा क्रमांक किंवा रव्यावरचा शिक्का दिसू देऊ नये. शाहू मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याचा प्रसंग घ्यायचा असेल तर बाजार समितीकडे, रंकाळ्याच्या काठावर किंवा शहरातल्या रस्त्यावर घ्यायचा असेल तर महापालिकेकडे आणि संबंधित पोलीस ठाण्याकडे अर्ज करावा. पन्हाळा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, त्यामुळे तिथली परवानगी वेगळी असते आणि तिला वेळ लागतो. पोलीस ठाणे, वाडा, कार्यालय अशा जागा बाहेर मिळवण्यात दमछाक होत असेल, तर मोरेवाडीच्या चित्रनगरीत चौकशी करावी. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी इथे स्वतः कॅमेरा घडवला तेव्हापासून या शहरात चित्रपटाची कामे हाताने करणारी माणसे तयार होत आली आहेत. सुतार, रंगारी आणि रंगभूषाकार बाहेरून आणण्याची गरज सहसा पडत नाही.

वेषांतराच्या चित्रपटात एक विशेष काळजी लागते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 204 आणि 205 नुसार लोकसेवक असल्याची बतावणी करणे आणि फसवण्याच्या हेतूने त्याचा गणवेश घालणे हे गुन्हे आहेत. चित्रीकरणात फसवण्याचा हेतू नसतो, पण रस्त्यावरच्या माणसाला ते कसे कळणार? म्हणून पोलिसाच्या गणवेशातल्या कलाकाराने शॉट संपताच वरून साधा शर्ट घालावा, खोटी बंदूक पेटीतच ठेवावी आणि जवळच्या ठाण्यात तारीख, वेळ व कलाकारांची संख्या आधी लेखी कळवावी. छुपा कॅमेरा लावून अनोळखी लोकांना नायकाच्या वेषाने फसवण्याचा मोह टाळावा. म्हैस, बैल किंवा घोडा यांच्याकडून कथेसाठी काही करवून घ्यायचे असल्यास भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी लागते, हेही अनेकांना उशिरा कळते.

चित्रीकरण

उकळत्या काहिलीजवळ अभिनय करवून घेऊ नये. 118 अंशांचा पाक अंगावर उडाला तर तो चिकटून राहतो आणि खोल भाजतो. खऱ्या आदणाचे लांबचे शॉट तिथल्या अनुभवी माणसांवरच घ्यावेत, कलाकाराला सुरक्षित अंतरावर ठेवावे, आणि त्याच्या चेहऱ्याचे जवळचे शॉट काम बंद असताना, थंड काहिलीशेजारी, चौकटीबाहेर ठेवलेल्या किटलीच्या वाफेवर करावेत. दोन्हींत उजेडाची दिशा एकच राहील अशी वेळ निवडली की जोड कळत नाही.

विनोदी प्रसंगात कॅमेरा मागे ठेवावा. गुळव्या बनलेला नायक, त्याच्याकडे पाहणारे मजूर आणि मागे भाकरी थापणाऱ्या आक्का हे सगळे एकाच चौकटीत दिसले तर प्रेक्षक स्वतः शोधून हसतो. जवळचे शॉट मोजके ठेवावेत आणि ते बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचे जास्त असावेत. कलाकारांना एकच सूचना पुनःपुन्हा द्यावी लागेल: हसवायला जाऊ नका, गूळ बिघडणार आहे याची काळजी करा.

फोनवर चित्रीकरण करत असाल तर सेकंदाला 25 चौकटी आणि शटर 1/50 ठेवावे. आपल्याकडचा वीजपुरवठा 50 हर्ट्झचा असल्याने फोनमध्ये आधीपासून असलेल्या 30 चौकटींवर ट्यूब आणि काही एलईडी दिव्यांखाली चित्र लुकलुकते. आवाजासाठी कॉलर माइक हवाच, पण तो खोट्या दाढीजवळ लावला तर घासण्याचा आवाज येतो. डोक्याच्या टॉवेलच्या घडीत, कपाळाच्या वर तो उत्तम लपतो. उसाचा रस काढणारा घाणा चालू असताना संवाद घेऊ नयेत. घाण्याचा, चुलवाणाचा आणि मोकळ्या शिवाराचा आवाज प्रत्येकी मिनिटभर वेगळा घेऊन संकलनात खाली पसरावा.

संकलन आणि पहिले प्रेक्षक

"उतरवा" म्हणण्याआधीची शांतता किती लांबवायची, हे कागदावर ठरत नाही. ती आधी गरजेपेक्षा लांब ठेवावी आणि मग थोडी थोडी कापत यावे. संगीत विनोदाच्या आधी वाजवून हसण्याची सूचना देऊ नये. ताण असलेल्या जागी तपासपटासारखेच गंभीर संगीत ठेवावे. जुने लोकप्रिय गाणे वापरायचे असेल तर हक्कदाराची परवानगी घ्यावी. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे राहतो, आणि गीतकार-संगीतकारांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षे, त्यामुळे एक मुदत संपली म्हणून दुसरी संपली असे समजू नये. चित्रपटगृहात जाहीर खेळ लावायचा असल्यास सेन्सॉर प्रमाणपत्र लागेल.

तयार झालेला कच्चा लघुपट आधी गुऱ्हाळावरच्या माणसांना दाखवावा. पडद्याकडे पाठ करून, प्रेक्षकांकडे तोंड करून बसावे आणि कोणत्या मिनिटाला कोण हसले, कोण शेजाऱ्याकडे वळून काही बोलले, ते लिहून ठेवावे. खरा गुळव्या जिथे "असं नसतंय" म्हणेल, तो शॉट पुन्हा घ्यावा, मग तो कितीही सुंदर जमलेला असो. दुसरा खेळ गुऱ्हाळ कधीच न पाहिलेल्या लोकांसाठी ठेवावा. त्यांना काहिलीत काय पणाला लागले आहे हे कळले नसेल, तर खऱ्या गुळव्याच्या हातून उतरलेले आणि नीट बसलेले एक आदण दाखवणारा प्रसंग सुरुवातीला, नायक येण्याच्या आधी, घालावा. दोन्ही खेळांत ज्या जागी हशा इतका मोठा होतो की पुढचा संवाद बुडतो, तिथे ऐकणाऱ्या पात्राचा शॉट दोन सेकंदांनी वाढवावा आणि मगच अंतिम ध्वनिमिश्रणाला बसावे.